भाड्याच्या फ्लॅटला आग लागली: भरपाई कोणी, कोणाला आणि किती द्यायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. फोंड्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्ही अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर घेतला आहे. मागच्या शनिवारी पहाटे हॉलमध्ये फ्रिजच्या मागे आग लागली. तुम्ही, पत्नी आणि दोन्ही मुले सुखरूप बाहेर पडलात. अग्निशामक दलाने आग विझवली, पण हॉल जळाला, बाकीच्या खोल्या काजळल्या, वरच्या फ्लॅटमध्ये धूर शिरला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पीओपी छतातून पाणी उतरून त्यांचा टीव्ही आणि सोफा गेला. घरमालक मुंबईला असतात. त्यांच्या फ्लॅटवर गृहकर्जासोबत काढलेला विमा आहे, तुमचा कसलाच नाही. मालक म्हणतात, ‘आग तुमच्या फ्रिजमुळे लागली, आठ लाख द्या, डिपॉझिट परत मागू नका.’ तसा मजकूर लिहिलेला स्टॅम्पपेपरही त्यांनी सहीसाठी पाठवला आहे. गुरुवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार आहे. तुम्ही विचारता: हे पैसे द्यावेच लागतील का, विमा कंपनी आमच्यावर केस करेल का आणि सर्व्हेअरशी काय बोलायचे?

मी परवानाधारक सर्व्हेअर आणि लॉस असेसर आहे, म्हणजे विम्याच्या दाव्यातले नुकसान पाहून मोजणारी. म्हापशाहून काम करते. घरे, दुकाने, गोदामे यांचे जळीत दावे हे माझे रोजचे काम आहे. मी वकील नाही. प्रकरण कोर्टाच्या नोटिशीपर्यंत गेले तर वकील गाठावाच लागेल, पण तिथवर जाण्याआधी बरेच काही तुमच्या हातात आहे.

त्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. पत्नीलाही करू देऊ नका. आगीचे कारण अजून कोणी तपासलेले नाही, नुकसानीचा आकडा कोणी मोजलेला नाही आणि मालकांच्या पॉलिसीतून किती मिळणार हेही ठरलेले नाही. ‘आग माझ्या चुकीने लागली, मी आठ लाख देणे लागतो’ अशी लेखी कबुली आज दिली की पुढे कारण काहीही निघो, ती कबुली तुमच्यासमोर धरली जाईल. मालकांचा हेतू वाईट असेलच असे नाही. घर जळालेला माणूसही घाबरलेला असतो आणि समोर दिसेल त्याच्याकडे भरपाई मागतो. तरीही सही नको.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे हिशेब एकात मिसळले आहेत. आग कशाने लागली, हा पहिला. कोणाची पॉलिसी कोणत्या नुकसानीचे पैसे देईल, हा दुसरा. आणि विम्याबाहेर उरलेले नुकसान कायद्याने कोणी सोसायचे, हा तिसरा. ‘आग तुमच्या फ्लॅटमध्ये लागली, म्हणजे पैसे तुम्ही द्या’ हे वाक्य ऐकायला सरळ वाटते, पण आग कुठे लागली यावरून दोष कोणाचा हे ठरत नाही.

बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आधीच सांगते. तुमच्या करारात ‘कोणत्याही कारणाने झालेले नुकसान राहणाऱ्याने भरून द्यावे’ असे कलम असेल तर तुमची बाजू कमकुवत होते. तसे नसेल तर बरीच बळकट राहते. मालकांची पॉलिसी कोणत्या वर्षीची आणि किती रकमेची आहे यावरही पुष्कळ ठरेल. हे दोन्ही कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून जिथे उत्तर त्यांच्यावर टेकते तिथे तसे सांगत जाईन.

आधी विम्याचे बघू, कारण तिथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. घरमालक तुम्हाला म्हणाले की भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे कंपनी दावा नाकारेल. असे सहसा होत नाही. घराचा आगविमा अपघाती आगीसाठीच असतो आणि घरातल्या बहुतेक आगींच्या मागे कोणाचे तरी थोडेफार दुर्लक्ष असतेच: समई तेवत राहिली, इस्त्री चालू राहिली, जुनी वायर बदलायची राहून गेली. पॉलिसी वगळते ते जाणूनबुजून केलेले कृत्य. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मुदित रोडवेजच्या प्रकरणात स्पष्ट म्हटले की दावा करणाऱ्याने स्वतः आग लावलेली नसेल तर ती शॉर्ट सर्किटने लागली की आणखी कशाने, याने दाव्याला फरक पडत नाही. त्याआधी २००९ मध्ये आपल्या गोव्यातल्याच झुआरी इंडस्ट्रीजच्या दाव्यात याच न्यायालयाने सांगितले होते की आग क्षणभर टिकली तरी ती आगच, आणि नुकसानीच्या साखळीचे मूळ त्या आगीत असेल तर दावा टिकतो. तिथे मुख्य स्विचबोर्डात शॉर्ट सर्किट होऊन ठिणगी उडाली होती आणि पुढचे नुकसान कारखान्याच्या बॉयलरचे होते. म्हणून तुमच्या मालकांना हे शांतपणे सांगा: दावा पूर्ण ताकदीने करा, आमच्या झोपेत आग लागली म्हणून तो फेटाळला जाणार नाही.

एक बारकावा मात्र आहे. घराच्या विम्यात विजेच्या उपकरणाबद्दल एक अपवाद असतो. ज्या उपकरणात किंवा जोडणीत शॉर्ट सर्किट झाले, त्या एवढ्याच वस्तूचे नुकसान वगळले जाते. तिच्यापासून पसरलेल्या आगीत जे बाकीचे जळाले ते देय असते. काही लोक हा अपवाद अर्धवट वाचून ‘शॉर्ट सर्किट म्हणजे क्लेम नाही’ असे सांगत फिरतात. ते चूक आहे.

आता मालकांची पॉलिसी कोणती? १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सर्व सामान्य विमा कंपन्यांना घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने एक मोठी सुधारणा आहे: विम्याची रक्कम कमी पडली म्हणून दावा त्या प्रमाणात कापला जात नाही. त्याआधीच्या, विशेषतः कर्जाबरोबर दहा-पंधरा वर्षांसाठी एकदम काढलेल्या पॉलिसींमध्ये ही कपात असते. समजा, फ्लॅट पुन्हा बांधायचा खर्च २० लाख आणि विमा फक्त १० लाखांचा आहे. नुकसान ४ लाखांचे झाले तर जुन्या पॉलिसीत हाती पडतात २ लाख. नव्या पॉलिसीत ४ लाख देय ठरतात. उरलेल्या २ लाखांसाठीच मग मालक भाडेकरूकडे वळतात. म्हणून मालकांकडे पॉलिसीची प्रत मागा. ते देतीलच असे नाही, पण मागितल्याची लेखी नोंद राहू द्या. पॉलिसी कर्जाबरोबरची असेल तर तिच्यावर बँकेचे नाव असेल आणि दाव्याची रक्कम बँकेमार्फत येऊ शकते, हेही त्यांना ठाऊक असलेले बरे.

भारत गृह रक्षामध्ये दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मलबा हटवण्याचा खर्च आणि ५ टक्क्यांपर्यंत वास्तुविशारद, अभियंता वगैरेंची फी धरलेली असते. घर राहण्याजोगे नसतानाच्या काळातले बुडालेले भाडेही त्यात मागता येते. तुमच्याकडून ‘दुरुस्ती होईपर्यंतचे भाडे’ मागितले जात असेल तर हा मुद्दा हाताशी ठेवा. तेच भाडे दोन ठिकाणांहून वसूल करता येत नाही.

मात्र मालकांच्या पॉलिसीत तुमचे सामान येत नाही. त्यांनी इमारत आणि सामान अशी दोन्हींची पॉलिसी घेतली असेल तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, सामानाचे संरक्षण यादी न देताही मिळते. पण ते सामान मालकांचे: कपाटे, एसी, त्यांनी ठेवलेला दिवाण. तुमचा फ्रिज, कपडे, मुलांची पुस्तके यांसाठी तुमची स्वतःची पॉलिसी लागली असती. ती नाही, म्हणजे या आगीत तुमच्या सामानाचे पैसे विम्यातून येणार नाहीत. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा काढता येतो हे गोव्यात भाड्याने राहणाऱ्या फार थोड्यांना कोणी सांगितलेले असते. कोणी गॅसचा विमा सुचवला असेल तर तोही इथे लागू नाही. तेल कंपन्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी जो विमा ठेवतात (मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, मालमत्तेसाठी एका घटनेत कमाल २ लाख), तो आगीचे मूळ कारण गॅस असेल तेव्हाच मिळतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती: ‘फ्रिजचा सॉकेट गरम होतो आणि कधी कधी वास येतो, हे आम्ही मालकांना व्हॉट्सॲपवर दोनदा कळवले होते.’ तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच आहे. तो फोन जपा. संदेशांचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा, ते स्वतःला ईमेल करा आणि मालकांचे ‘बघतो’ असे उत्तर असेल तर तेही ठेवा.

ही ओळ इतकी महत्त्वाची का, ते समजावून सांगते. सॉकेटच्या आतला स्क्रू सैल झाला, पट्टीची पकड गेली की त्या जागी विजेला अडथळा होतो आणि उष्णता साठते. वायरमधून जाणारा प्रवाह मात्र नेहमीइतकाच राहतो, म्हणून एमसीबी (बोर्डातला आपोआप वीज तोडणारा स्विच) पडत नाही. एमसीबी जास्त प्रवाह किंवा थेट शॉर्ट ओळखतो, सैल जोडणीची धग त्याला कळत नाही. अशी जोडणी आठवडे, महिने तापत राहते, प्लास्टिक करपते, वास येतो आणि एखाद्या रात्री शेजारचा पडदा किंवा मागची प्लायवूडची फळी पेट घेते. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत पितळी भाग गंजतात, त्यामुळे जुन्या इमारतींत हा दोष मला वारंवार दिसतो. दुसरा मुद्दा: घरगुती फ्रिज चालू असताना साधारण एक-दोन अँपिअर घेतो. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे त्या सॉकेटवर फक्त फ्रिज आणि वायफायचा डबा असेल तर भार जास्त झाला असे म्हणता येत नाही. त्याच बोर्डावर ओव्हन किंवा हीटर लावला जात असेल तर गोष्ट बदलते आणि मग ते लपवू नका.

भिंतीतली वायरिंग आणि सॉकेट मालकांचे आहेत, फ्रिज तुमचा आहे. आग सॉकेटमध्ये सुरू झाली की फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, यावर बरेच काही फिरते. ते कसे ओळखतात? आम्ही आधी भिंतीवरची काजळी बघतो. आग वर आणि बाजूंना पसरत जाते, त्यामुळे भिंतीवर खाली निमुळता आणि वर रुंद असा डाग उमटतो. त्याचे सर्वांत खालचे टोक बहुधा सुरुवातीच्या जागेकडे बोट दाखवते. बहुधा म्हणते, कारण पेटलेला पडदा खाली पडला तर तिथेही तसाच डाग तयार होतो. मग तांब्याच्या वायरी तपासतो. तांबे सुमारे १०८५ अंशांना वितळते. ठिणगीने वितळलेल्या जागी छोटा गोल मणी दिसतो आणि त्याला लागून वायर धड असते. नुसत्या आगीच्या धगीने वितळलेली वायर लांबवर पातळ, ओघळलेली दिसते. पण मणी सापडला म्हणजे आगीचे कारण सापडले असेही नाही. आधी लागलेल्या आगीने आवरण जाळले आणि वायरीत वीज चालू होती, तरी मणी तयार होतो. त्यातून इतकेच कळते की आग तिथे पोचली तेव्हा वायर जिवंत होती. म्हणून डाग, मणी, एमसीबीची स्थिती, प्लगच्या पिना आणि माणसांनी सांगितलेली हकिकत हे सगळे एकमेकांशी जुळते का, ते पाहावे लागते.

त्यासाठी ती जागा जशी आहे तशी राहिली पाहिजे. गुरुवारपर्यंत हॉल झाडू नका, सॉकेट काढू देऊ नका, फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका. मालकांनी रंगाऱ्याला पाठवले तर त्याला नम्रपणे थांबवा आणि तसे मालकांना लिहून कळवा. आजच दिवसाच्या उजेडात फोटो काढा: आधी प्रत्येक खोली दारातून, मग भिंती, मग सॉकेट आणि प्लग जवळून, मग मीटरपाशी एमसीबी कोणता खाली आहे ते. ओला कचरा सडू लागला असेल तर तेवढाच, फोटो काढून मग हलवा. वीज खात्याच्या किंवा परवानाधारक तंत्रज्ञाच्या तपासणीशिवाय पुरवठा सुरू करू नका.

अग्निशामक दलाचा अहवाल मागून घ्या. त्यांत आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘इतक्या लाखांचे नुकसान, इतक्या लाखांची मालमत्ता वाचवली’ असे आकडे असतात. तो घटनास्थळी केलेला नजर-अंदाज असतो. तुमचे मालक आठ लाखांसाठी याच आकड्याचा आधार देत असतील, पण त्यावरून भरपाई ठरत नाही. तसेच कारणाच्या जागी ‘शॉर्ट सर्किट असावे’ असे लिहिलेले असेल, तर त्यातून आग तुमच्या वस्तूत लागली की त्यांच्या वायरिंगमध्ये, हे कळत नाही. पोलिसांनी पंचनामा केला असेल, जबाब घेतला असेल तर सहीआधी तो शब्दन्‌शब्द वाचा. आगीबाबत निष्काळजी वर्तनासाठी भारतीय न्याय संहितेत कलम २८७ आहे, ज्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. अपघाती घरगुती आगीत ते कलम उठसूट लागत नाही, पण ‘माझ्या हलगर्जीमुळे’ असे शब्द तुमच्या तोंडी घातलेले नाहीत ना, एवढे जरूर बघा.

आता कायद्याची जबाबदारी. भाडेपट्टा असता तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ लागले असते. त्यानुसार भाडेकरूने जागा घेतली तशा चांगल्या स्थितीत परत करायची असते, पण नेहमीची झीज आणि न टाळता येणारी आपत्ती यांना सूट आहे. तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणजे वापराची परवानगी. तिथे हे कलम थेट लागू होत नाही, कराराची कलमे आणि निष्काळजीपणाचा सर्वसाधारण नियम पाहावा लागतो. तो नियम असा: समोरच्याने दाखवून दिले पाहिजे की तुम्ही घ्यायला हवी ती साधी काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच नुकसान झाले. सॉकेट गरम होतो हे कळवलेत, ही काळजी घेतल्याची खूण आहे. पण याला दुसरी बाजू आहे आणि मालकांचा वकील ती मांडेलच: धोका माहीत असूनही तुम्ही तोच सॉकेट वापरत राहिलात. यावर तुमचे उत्तर काय आहे? दुसरा सॉकेट होता का? मालकांनी ‘काही होत नाही, वापरा’ म्हटले होते का? स्वतः इलेक्ट्रिशियन बोलावला होता का? हे आजच, आठवण ताजी असताना, तारखांसह लिहून ठेवा. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांत शंभर टक्के दोष एकाच बाजूला क्वचित जातो. बहुतेक वेळा वाटाघाटीत दोघांचा थोडा थोडा वाटा धरला जातो.

‘विमा कंपनी आमच्यावर केस करेल का?’ करू शकते. कंपनीने मालकांना पैसे दिले की ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून वसुली करण्याचा मालकांचा हक्क, दिलेल्या रकमेपुरता, कंपनीकडे येतो. याला सबरोगेशन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या निकालात त्याची मांडणी सविस्तर केली आहे. कंपनी मालकांच्या जागी उभी राहते, म्हणजे तिला मालकांपेक्षा जास्त हक्क मिळत नाही. मालकांना तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागला असता, तो कंपनीलाही करावाच लागेल. गरम सॉकेटबद्दल तुम्ही कळवलेले संदेश मालकांविरुद्ध जितके उपयोगी, तितकेच कंपनीविरुद्धही. प्रत्यक्षात, भाड्याच्या घरातल्या अपघाती आगीसाठी सामान्य कुटुंबामागे कंपनी कोर्टात गेलेली मी क्वचितच पाहिली आहे. कारखाना, कंत्राटदार, उपकरण बनवणारी कंपनी समोर असेल तर जातात. तरी नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. अशा दाव्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून सगळे पुरावे तोवर सांभाळा.

या नियमाचा एक परिणाम तुमच्या बाजूचा आहे. मालक एकाच नुकसानीचे पैसे कंपनीकडून आणि तुमच्याकडूनही घेऊ शकत नाहीत. आणखी एक परिणाम त्यांना माहीत नसावा: दावा चालू असताना त्यांनी तुमच्याशी परस्पर तडजोड केली तर कंपनीचा वसुलीचा हक्क बाधित होतो आणि ते त्यांच्याच दाव्याला अडचणीचे ठरू शकते. स्टॅम्पपेपर बाजूला ठेवण्यासाठी त्यांनाही हे कारण पटेल.

खालच्या काकूंचे प्रकरण वेगळे हाताळा, आणि माणुसकीने. विझवण्याच्या पाण्याने झालेले नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीचेच नुकसान असते. त्यांची पॉलिसी असेल तर त्यांनी आजच आपल्या कंपनीला कळवावे. सोसायटीची पॉलिसी असेल तर सामाईक भाग, जिना, बाहेरची भिंत तिच्यातून होईल. विमाच नसेल तर त्यांचा दावा शेवटी त्याच कसोटीवर येतो: चूक कोणाची? आणि कोर्टात भरपाई धरली जाते ती वस्तूच्या आदल्या दिवशीच्या किमतीने. सहा वर्षांपूर्वी ४० हजारांना घेतलेल्या टीव्हीसाठी नव्या टीव्हीची किंमत मागता येत नाही, घसारा वजा होतो. शेजार टिकवण्यासाठी तुम्हाला स्वतःहून काही मदत करावीशी वाटली तर करा, पण कागदावर ‘चूक मान्य न करता, शेजारधर्म म्हणून’ एवढे शब्द लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी दिलेले पैसे नंतर कबुली म्हणून दाखवले जातात.

गुरुवारी सर्व्हेअरशी कसे बोलायचे? सरळ आणि खरे. सर्व्हेअर कंपनीने नेमलेला असला तरी त्याने दोन्ही बाजूंना न्याय देणारे मूल्यमापन करायचे असते. तुम्ही विमेदार नाही, पण आग लागली तेव्हा त्या घरात तुम्ही होता, म्हणून तो तुमची हकिकत विचारेल. प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, हुंगले तेवढेच सांगा. ‘फ्रिज फुटला असेल’, ‘बहुतेक माझ्याकडूनच काही राहिले असेल’ असले अंदाज बोलू नका. घाबरलेली माणसे भरपाईच्या ओझ्याखाली नको ते मान्य करतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. पहिला धूर कुठे दिसला, लाइट कधी गेली, मुख्य स्विच कोणी बंद केला, बंब किती वाजता आला हे क्रमाने सांगा. सॉकेटचे संदेश दाखवा आणि त्यांची प्रत द्या. लेखी जबाब मागितला तर तो स्वतः लिहा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. तुमच्या सामानाची यादीही याच वेळी करा: वस्तू, घेतल्याचे वर्ष, अंदाजे किंमत, असेल ते बिल किंवा जुना फोटो. आग मालकांच्या वायरिंगमुळे लागली असे निघाले तर भरपाई मागण्याची पाळी तुमची येईल, आणि तेव्हा ही यादी लागेल.

मालक कागदपत्रांच्या चिंतेत असतील तर त्यांना सांगा की विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार केवळ कागद अपुरे आहेत म्हणून कंपनी दावा फेटाळू शकत नाही, आणि दाव्यासाठी जरुरीचे तेवढेच कागद मागता येतात. दावा नाकारला किंवा फार कमी दिला तर त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लिहावे, मग विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, त्याची मुदत दोन वर्षे.

इथे गोव्यातल्या घरमालकांसाठी थोडे विषयांतर करते, कारण हे दावे अडकताना पाहून मला फार हळहळ वाटते. वडिलोपार्जित घर अजून आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांत वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नाही, पंचायतीची घरपट्टी एका भावाच्या नावाने आणि पॉलिसी दुसऱ्याच्या. आग लागली की पैसे कोणाला द्यायचे यावरच महिने जातात. आपल्याकडे पती-पत्नींची मालमत्ता बहुधा सामाईक असते, म्हणून दोघांची नावे पॉलिसीत घालून घ्या. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारालाही आपल्या घराचा विमा काढता येतो, त्या घरात त्याचे हित आहे. फक्त अर्जात परिस्थिती खरी लिहा. आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देत असाल तर ते कंपनीला लेखी कळवा. राहत्या घराची पॉलिसी राहत्या घरासाठीच असते, आणि वापर बदलल्याचे लपवले तर आगीनंतर ते प्रथम बाहेर येते.

भाड्याने राहणाऱ्यांनी सामानाच्या विम्याबरोबर ‘तिसऱ्या पक्षाची जबाबदारी’ हा भाग मागून घ्यावा. गृहस्थांसाठीच्या पॅकेज पॉलिसींमध्ये तो असतो. खालच्या काकूंच्या छतासारखे दावे त्यातूनच भागतात.

आता मालकांना काय उत्तर द्यायचे ते. मी असे लिहीन: ‘शनिवारी लागलेल्या आगीमुळे आपले झालेले नुकसान पाहून आम्हालाही दुःख आहे. आगीचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. संबंधित सॉकेट गरम होत असल्याचे आम्ही आपल्याला याआधी दोनदा कळवले होते, त्या संदेशांच्या प्रती सोबत आहेत. आपल्या विमा दाव्यासाठी सर्व्हेअरला आम्ही पूर्ण सहकार्य करू आणि तोवर जागा आहे तशी ठेवू. सर्व्हे अहवाल आणि दाव्याची मंजूर रक्कम कळल्यावर, विम्यातून न भागलेल्या रकमेबाबत आम्ही बोलण्यास तयार आहोत. पॉलिसीची प्रत कृपया पाठवावी. डिपॉझिटचा हिशेब तोपर्यंत खुला ठेवावा. ते जप्त करण्यास आमची संमती नाही.’ तारखा घाला, दुःख व्यक्त करणारे वाक्य गाळू नका आणि ‘माफ करा, आमची चूक’ असे काही वाढवू नका. ईमेलने पाठवा, स्पीड पोस्टनेही पाठवा आणि पोचपावती ठेवा. गुरुवारच्या आत हे झाले तर सर्व्हेअर येईल तेव्हा तुमची बाजू त्याच्या फाइलमध्ये पहिल्याच दिवशी लागेल. सर्व्हेनंतर करारातले नुकसानभरपाईचे कलम नावे झाकून इथे टाका, ते पाहून मला पुढचे सांगता येईल.